प्रदर्शनाच्या कागदाने किती बोलावे?

९ नोव्हेंबर १९७२ रोजी ॲमस्टरडॅमच्या फोडोर संग्रहालयात दोन डच डिझायनर जाहीर वादाला बसले. एक विम क्राउवेल, दुसरे यान फान टोर्न. वादाचा विषय वरकरणी किरकोळ: प्रदर्शनाचे पोस्टर, कॅटलॉग, आमंत्रण करणाऱ्या माणसाने त्यात स्वतःचे काही म्हणावे की नाही? क्राउवेल यांचे म्हणणे असे की, डिझायनर हा मधला माणूस. मजकूर त्याचा नाही, चित्रे त्याची नाहीत, तेव्हा त्याने वाट मोकळी करून द्यावी आणि बाजूला व्हावे. फान टोर्न म्हणत, असा बाजूला झालेला मधला माणूस कुठेच नसतो. टाइप निवडला, चित्र कापले, एक नाव मोठे केले आणि दुसरे बारीक, की तुम्ही बोललातच. मग ते प्रेक्षकापासून लपवता कशाला? पन्नास वर्षे उलटली तरी डिझाइनच्या शाळांतून हा वाद अजून चघळला जातो. मुंबई-पुण्याच्या गॅलऱ्यांत मात्र तो कोणी घालताना दिसत नाही. आमंत्रणपत्रिकेवर कुठले चित्र घ्यायचे आणि उद्घाटकांचे नाव केवढ्या अक्षरांत छापायचे, एवढ्यावर आपल्याकडची चर्चा आटोपते.

या वादाची पाळेमुळे ॲमस्टरडॅमच्याच स्टेडेलिक संग्रहालयात आहेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर विलेम सँडबर्ग तिथले संचालक झाले. पेशाने ते डिझायनर. जर्मन ताब्याच्या काळात त्यांनी लोकांसाठी खोटी ओळखपत्रे बनवली होती, आणि १९४३ साली प्रतिकार चळवळीने शहराच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर केलेल्या हल्ल्याच्या आखणीतही ते होते. सरकारी छपाईची हुबेहूब नक्कल ज्याला साधत होती, त्या माणसाने संचालक झाल्यावर कॅटलॉगांसाठी खाकी कागद, हाताने फाडलेल्या कागदाची अक्षरे आणि ठसठशीत लाल रंग पसंत केला. संचालकपद सांभाळून बहुतेक छापील काम ते स्वतः करत. प्रदर्शन कुणाचेही असो, पानावर सँडबर्गांचा हात ओळखू येई. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पायउतार झाले, एडी द विल्ड संचालक म्हणून आले, आणि १९६४पासून हे काम क्राउवेल यांच्याकडे गेले. पुढची वीस वर्षे रकान्यांची तीच आखणी, साधा बिनफुलोऱ्याचा टाइप आणि ‘एसएम’ ही एकच खूण. इकडे आइंडहोवेनच्या फान ॲबे संग्रहालयासाठी फान टोर्न नेमके उलटे करत होते. दर प्रदर्शनाला वेगळी चाल, फोटोंचे तुकडे, हाताने लिहिलेली अक्षरे, मुद्दाम ठेवलेला ओबडधोबडपणा.

क्राउवेल यांच्या बाजूला वजन आहे, हे आधी मान्य करायला हवे. संग्रहालयात माणूस चित्र बघायला येतो. चित्रापाशी पोचण्याआधीच पोस्टरने, पत्रिकेने, दारातल्या भल्यामोठ्या अक्षरांनी ‘हे असे बघा’ म्हणून त्याच्या हाताला धरले, तर त्याची स्वतःची नजर कामाला लागत नाही. शिवाय एकाच आखणीत सगळ्यांना बसवण्यात एक समता असते. नामवंताला आणि नवख्याला तोच टाइप, तेवढेच पान. आणि खर्च वाचतो. दर वेळी नवी कल्पना काढायला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि प्रत्येक कल्पना काही चांगली निघत नाही.

पण क्राउवेल यांचेच काम समोर ठेवले तर हा युक्तिवाद थोडा डळमळतो. १९५७ साली त्यांनी फर्नां लेजेच्या प्रदर्शनाचे पोस्टर केले, त्यातली अक्षरे लेजेच्या जाड काळ्या रेषेसारखीच आहेत. क्लेस ओल्डेनबर्ग म्हणजे कापडाच्या मऊ, ढेपाळलेल्या वस्तूंची शिल्पे करणारा. १९७०मध्ये त्याच्यासाठी त्यांनी फुगीर, मऊ अक्षरे घडवली. १९६८च्या ‘फोर्मखेवर्स’ या पोस्टरवर तर त्यांनी एरवी अदृश्य राहणारी आखणीची जाळीच छापून टाकली. बाजूला व्हा म्हणणारा माणूस स्वतः दर वेळी बाजूला झालेला नाही. हा दोष धरायचा का? आम्ही धरत नाही. तत्त्व म्हणून जे बोलले जाते आणि हाताला जे सुचते, त्यांत अंतर राहणारच. आणि ही पोस्टरे आज लक्षात आहेत ती त्या अंतरामुळे. मात्र एवढे नक्की की ‘तटस्थ डिझाइन’ असे काही असते असे म्हणून वाद मिटवता येत नाही. पांढरे पान, डावीकडे सरळ रांगेत लावलेली बारीक अक्षरे, खाली चिमुकला लोगो ही आज जगभरच्या गॅलऱ्यांची वर्दी झाली आहे, आणि ती वर्दी गॅलरीची जाहिरात करते, चित्रकाराची नव्हे.

भारतात ही गोष्ट वेगळ्या रस्त्याने आली. इथे प्रदर्शनाच्या कागदावर डिझायनर बोलला नाही, चित्रकारच बोलला. १९४९ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे मुंबईतले पहिले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. त्याच्या छोट्या कॅटलॉगात सूझा यांनी गटाची भूमिका मांडली. १९६३मध्ये ‘ग्रुप १८९०’चे प्रदर्शन दिल्लीच्या रवींद्र भवनात झाले. उद्घाटनाला पंडित नेहरू, कॅटलॉगला प्रस्तावना ऑक्टाव्हियो पाझ यांची, गटाचा जाहीरनामा स्वामिनाथन यांचा. बारा जण होते, त्यांत अकोल्याचे अंबादास. गटाने पुन्हा प्रदर्शन भरवलेच नाही. एकदाच भरलेल्या त्या प्रदर्शनाची कलेतिहासात जी जागा आहे, तिच्यात भिंतीवरच्या चित्रांइतकाच त्या कागदाचा हात आहे. १९८१चे ‘प्लेस फॉर पीपल’ मुंबईत जहांगीरमध्ये आणि दिल्लीत झाले; आज त्याचा उल्लेख येतो तेव्हा गीता कपूर यांचा कॅटलॉगमधला निबंध सोबत येतोच.

आणि मग भूपेन खख्खर. बडोद्याला हिशेबनीस म्हणून नोकरी करणाऱ्या या चित्रकाराने १९७२ साली प्रदर्शनासोबत जी पुस्तिका काढली, तिच्यात स्वतःचेच फोटो घातले: कधी मिस्टर युनिव्हर्स, कधी जेम्स बाँड. थोर कलावंताच्या कॅटलॉगात जे गंभीर चेहरे आणि जडशीळ वाक्ये असतात, त्यांची ही चेष्टा होती. ज्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये दोन डिझायनर कागदाने बोलावे का यावर भांडत होते, त्याच वर्षी बडोद्याचा एक हिशेबनीस कागदाला बोलते करून मोकळा झाला होता. आजही ती पुस्तिका बघताना हसू येते. इतके खेळकर कॅटलॉग पुढे आपल्याकडे फार झाले नाहीत, याचे वाईट वाटते.

ही परंपरा पाहिली तर कागदाने बोलू नये असे म्हणायला मन धजत नाही. पण या सगळ्या उदाहरणांत बोलणारा आणि चित्र काढणारा एकाच बाजूचा होता, हे विसरून चालणार नाही. चित्रकार हयात नसेल, किंवा पहिल्यांदाच प्रदर्शन भरवणारा, बुजलेला असेल, तर डिझायनरच्या आणि क्युरेटरच्या आवाजाला उत्तर द्यायला समोर कोणी नसते. अशा वेळी फान टोर्न यांचा मोकळेपणा हा एकतर्फी कारभार होऊ शकतो.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. तिथे दालन मिळवायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि मिळते ते आठवड्यासाठी. त्या आठवड्यासाठी फ्रेमा, टेम्पो, फोटोग्राफी, पत्रिका, कॅटलॉग, उद्घाटनाचा चहा हे सगळे बहुधा चित्रकाराच्या खिशातून. कॅटलॉगचा नंबर शेवटी लागतो, त्यामुळे तो घाईत होतो. घाईत होतो म्हणून भाच्याच्या ओळखीतल्या कुणाकडून होतो. ऑफसेटचे गणितही विचित्र आहे. चार रंगांच्या चार प्लेटा काढा, मशीन लावा, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवा. हा खर्च दोनशे प्रतींना तोच आणि हजार प्रतींनाही तोच. साहजिकच प्रेसवाला म्हणतो, हजारच घ्या, फरक काही पडत नाही. मग उरलेले गठ्ठे घरच्या माळ्यावर जातात. कमी प्रती लागणार असतील तर डिजिटल छपाई परवडते, तिचा दर्जाही आता पुष्कळ सुधारला आहे. पण ‘ऑफसेटला मजा आहे’ हे वाक्य अजून चालते.

मजा आहे हे खरेच. पण ती कशात आहे हे प्रेसमध्ये उभे राहिल्यावरच कळते. मशीनमधून पहिले काही कागद बाहेर आले की मशीनमन भिंग लावून ठिपके बघतो. चारही रंगांचे ठिपके जागच्या जागी बसले आहेत ना, की लाल किंचित सरकला आहे? शेजारी चित्रकार उभा. त्याच्या कॅनव्हासवर कॅडमियम ऑरेंजचा धगधगीत पट्टा आहे. कागदावर तो विटकरी आला आहे. ‘हा माझा रंग नाही,’ तो म्हणतो. मशीनमन मॅजेंटा थोडा उतरवतो, पिवळा थोडा चढवतो. पट्टा उजळतो, पण तेवढ्यात त्याच फर्म्यावर, त्याच पट्टीत पुढे आलेल्या दुसऱ्या चित्रातल्या करड्या आभाळावर पिवळट झाक येते. शाईची किल्ली कागदाच्या उभ्या पट्टीवर चालते. त्या पट्टीत जितकी चित्रे, तितक्यांना तीच शाई. एकाला वाचवायचे तर दुसऱ्याने थोडे सोसायचे. कुठले चित्र फर्म्यावर कुठल्या चित्राच्या रांगेत बसवायचे, हा निर्णय वास्तविक पाने लावतानाच घ्यायला हवा होता, आणि तो घेणाऱ्याला चित्रे माहीत असायला हवी होती. आणि काही रंग चार शाईंच्या मिश्रणातून निघतच नाहीत. तो धगधगीत नारिंगी निघत नाही, अल्ट्रामरीनची खोली निघत नाही. गायतोंडेंच्या चित्रातला पृष्ठभागाखालून झिरपणारा उजेड तर कुठल्याच छपाईला आजवर सापडलेला नाही.

म्हणून आमच्या मते कॅटलॉगने चित्राची बरोबरी करण्याचा हट्ट सोडावा. आर्ट पेपरवर चकचकीत लॅमिनेशन, शीर्षकावर तेवढाच चमकणारा यूव्ही थर, आणि आत चित्राचे माप नाही, साल नाही, माध्यम नुसते ‘मिक्स्ड मीडिया’: असे कॅटलॉग आपल्याकडे पुष्कळ निघतात. सहा फुटी कॅनव्हास आणि पोस्टकार्डाएवढा जलरंग पानावर एकाच मापात समोरासमोर येतात, आणि प्रदर्शन न पाहिलेल्याला दोन्ही सारखीच वाटतात. चित्र कापून ते पानाच्या कडेपर्यंत पसरवणे, त्यावर अक्षरे चढवणे हे तर सर्रास चालते. तपशील दाखवायचा म्हणून कापले असेल तर खाली तसे लिहावे. न लिहिता कापणे ही चित्राशी लबाडी आहे, मग कापणारा कितीही मोठा डिझायनर असो.

पोस्टरचे गणित निराळे. ते रस्त्यावर असते, चित्रापासून दूर, आणि त्याने चार माणसांना थांबवायचे असते. तिथे फान टोर्न बरोबर वाटतात. १८९८ साली व्हिएन्ना सेसेशनच्या पहिल्या प्रदर्शनासाठी क्लिम्टने केलेल्या पोस्टरवर थिसियस उघडावाघडा होता. सेन्सॉरने हरकत घेतल्यावर क्लिम्टला त्यावर झाडांचे काळे बुंधे काढावे लागले. पोस्टर गप्प असते तर सेन्सॉर त्याच्या वाटेला गेला नसता. पोस्टर आणि पत्रिका यांनी खुशाल ओरडावे, खोडी काढावी, चुकावेसुद्धा. आपल्याकडच्या पत्रिका इतक्या सभ्य असतात की लग्नाच्या पत्रिका त्यांपेक्षा धीट वाटाव्यात.

कॅप्शनने मात्र क्राउवेल यांचे ऐकावे. चित्राशेजारी दोन हातांच्या अंतरावर जो कागद आहे, त्याला बोलण्याचा हक्क सगळ्यात कमी. आणि नेमके तिथेच आपण सगळ्यात जास्त चुका करतो. सनबोर्डच्या तुकड्यावर बारीक अक्षरे, वर चकाकते लॅमिनेशन, त्यावर स्पॉटलाइटची तिरीप. वाचायचे तर मान तिरकी करून एका ठरावीक जागी उभे राहावे लागते. साठी ओलांडलेला प्रेक्षक वाकून चष्मा वर-खाली करतो आणि नाद सोडून देतो. हे डिझाइनचे तत्त्वज्ञान नाही, साधा शेजारधर्म आहे: मॅट कागद, मोठे अक्षर, डोळ्याच्या उंचीच्या जरा खाली.

मराठीचा प्रश्न इथेच येतो. मुंबईतल्या बहुतेक कॅटलॉगांत, भिंतीवरच्या मजकुरात मराठी नसते. यावर गॅलरीवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: विकत घेणारे इंग्रजी वाचतात, आणि मराठी भाषांतर असे येते की नसलेले बरे. पहिले कारण व्यापाराचे आहे, ते समजण्यासारखे आहे. दुसरे खरे आहे, पण त्याचा उपाय भाषांतर वगळणे हा नव्हे. प्रभाकर बरवे यांनी चित्राविषयीचे आपले चिंतन ‘कोरा कॅनव्हास’मध्ये मराठीत लिहिले, तेव्हा चित्राबद्दल मराठीत नीट बोलता येत नाही ही सबब टिकत नाही. मजकूर आधी मराठीतच लिहायला सांगितला तर निम्मी अडचण सुटते. अक्षरांची सबबही आता जुनी झाली. र. कृ. जोशींसारख्या माणसाने देवनागरीच्या अक्षररूपांवर आयुष्य घालवले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’सारखा फाँट सगळ्यांना मोफत दिला. तरीही भिंतीवर गाठयुक्त श आणि दंडयुक्त ल दिसत राहतात. मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरावा, हे २००९च्या शासननिर्णयातच सांगितलेले आहे. इंग्रजीच्या मापाने ओळींमध्ये जागा सोडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते, हे इंग्रजीवर हात बसलेल्या डिझायनरला कोणी सांगत नाही.

चित्रकार आणि डिझायनर एकमेकांना अनोळखी असण्याचे आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच कारणाने. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, १९६१मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. दोन्ही एकाच आवारात. २०२३मध्ये ती एका अभिमत विद्यापीठाखाली आली. रंगकलेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाचे पहिले कॅटलॉग भिंतीपलीकडच्या मुलीने तिचा प्रकल्प म्हणून करावे, इतकी साधी देवाणघेवाण आता तरी सुरू करायला हरकत नसावी.

राहिला कागदच नको म्हणणाऱ्यांचा पक्ष. क्यूआर कोड लावा, पीडीएफ द्या, झाडे वाचवा. यात तथ्य आहे. दारावर लागणारे फ्लेक्स पीव्हीसीचे असते, ते कुजत नाही, आणि आठवड्यानंतर त्याचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नसते. ते बंदच व्हायला हवे. पत्रिकाही व्हॉट्सॲपवर गेली त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. पण क्यूआर कोड ज्या संकेतस्थळावर नेतो, त्याचे भाडे चित्रकार भरतो तोवर ते चालते. भाडे थकले की कॅटलॉग गेले. ‘ग्रुप १८९०’ची १९६३ची पुस्तिका आजही हातात धरून वाचता येते. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कित्येक प्रदर्शनांच्या दुव्यांवर बोट ठेवले तर पान सापडत नाही. पीडीएफ अवश्य करावी, पण ती कागदाची जागा घेईल असे धरून चालू नये.

आमचे म्हणणे फार महागडे नाही. साठ पानांचे जाडजूड कॅटलॉग परवडत नसेल तर एकच फर्मा, सोळा पाने, मध्ये दोन पिना. प्रत्येक चित्राचे नाव, साल, माध्यम, माप. चित्रकाराची तारीखवार माहिती. एक मराठी मजकूर. डिझायनरचे आणि प्रेसचे नाव, कारण उद्या दोष द्यायचा की कौतुक करायचे हे ठरवायला ते लागते. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने पुस्तिकेला आयएसबीएन घ्यावा. भारतात तो मोफत मिळतो, आणि आपल्याकडे बहुतेक चित्रकारांना हे माहीतही नसते. १९५४च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक आहे. त्यांपैकी मुंबईतले ग्रंथालय टाउन हॉलमध्ये, म्हणजे काळा घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फुकट वाटली जाणारी, किंमत न छापलेली पुस्तिका ‘पुस्तक’ धरायची की नाही यावर कोणी कायद्याचा कीस काढत बसेल. त्यात न पडता गॅलऱ्यांनी बुकिंगच्या फॉर्मवर एक अट वाढवावी: अनामत रक्कम परत हवी असेल तर पुस्तिकेच्या दोन प्रती गॅलरीत आणि एक ग्रंथालयात पोचल्याची पावती दाखवा. एवढ्या पातळ पुस्तिका कपाटात उभ्या राहत नाहीत, अशी तक्रार ग्रंथपाल करतील, आणि ती रास्त आहे. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची खोकी लागतील. खोक्यावर गॅलरीचे नाव आणि साल लिहिले की काम भागेल.